आनंदीबाईंच्या फिलाडेल्फियातला सेंट

२५ मे १८५७. मेरठच्या उठावाला पंधरा दिवस झाले होते. त्याच सकाळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीबाहेर माणसांची भलीमोठी रांग लागली होती. कुणी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, कुणी पिशवीत, कुणी टोपलीत जुनी नाणी घालून आणली होती. त्यांत झिजलेली स्पॅनिश चांदीची नाणी होती आणि जाडजूड तांब्याचे सेंटही होते. ती द्यायची आणि टांकसाळीतून नुकताच बाहेर पडलेला छोटा, फिकट रंगाचा नवा सेंट घ्यायचा, एवढ्यासाठी ही गर्दी होती. अदलाबदलीसाठी टांकसाळीच्या अंगणात तात्पुरती लाकडी खोली उभारावी लागली.

अमेरिकेत नाणी जमवण्याचा छंद सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो याच सुमारास. लहानपणापासून हातात खेळलेला मोठा सेंट आता दिसेनासा होणार, हे कळताच लोक त्यातली निरनिराळ्या सालांची नाणी बाजूला काढून ठेवू लागले. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत नाणकशास्त्राच्या संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे या देशात छंदाचा पाया सोन्याच्या मोहरांनी घातला नाही, खिशातल्या साध्या तांब्याच्या नाण्याने घातला. आज आपल्यापैकी कुणाला एखादं जुनं अमेरिकन नाणं संग्रहासाठी घ्यायचं असेल आणि खिसा बेताचा असेल, तर त्यानेही सेंटपासूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. दोन-तीनशे रुपयांत शंभर-सव्वाशे वर्षांचं अस्सल नाणं मिळतं. मात्र कोणतं घ्यायचं, कसं पारखायचं आणि मुळात का घ्यायचं, हे ठाऊक असायला हवं.

मोठा सेंट आणि मुंबईचा पैसा

अमेरिकन काँग्रेसने टांकसाळीचा कायदा केला २ एप्रिल १७९२ रोजी. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस पहिले संचालक झाले. चलनासाठीचे पहिले सेंट मार्च १७९३ मध्ये पडले. त्यांच्या मागच्या बाजूला पंधरा राज्यांचं ऐक्य दाखवणारी पंधरा कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्याच्या नाण्यावर साखळदंड कशाला, असा सूर उमटला आणि काही आठवड्यांतच साखळीच्या जागी पानांची माळ आली. ते साखळीचे सेंट जेमतेम ३६ हजार पडले. आज त्यातला झिजलेला तुकडासुद्धा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.

मोठा सेंट २७ ते २९ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या सध्याच्या दहा रुपयांच्या नाण्याइतका किंवा थोडा मोठा. १७९५ च्या अखेरीपासून त्याचं वजन सुमारे १०.९ ग्रॅम राहिलं. १७९३ ते १८५७ या काळात एक १८१५ सोडून प्रत्येक सालाचा मोठा सेंट आहे. टांकसाळीला लागणाऱ्या तांब्याच्या कोऱ्या चकत्या इंग्लंडमधून येत. १८१२ च्या युद्धाने हा पुरवठा तुटला आणि त्यातूनच १८१५ ची पोकळी राहिली.

या चकत्या पाठवणारा मुख्य पुरवठादार होता बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचा सोहो कारखाना. बोल्टन म्हणजे वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा भागीदार. याच कारखान्यात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालांची तांब्याची नाणी पाडून घेतली होती. एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू असलेली ही नाणी आजही आपल्याकडच्या संग्राहकांच्या वह्यांत सापडतात. बर्मिंगहॅमच्या एकाच छपराखालून तांबं मुंबईलाही जात होतं आणि फिलाडेल्फियालाही. तराजूचा पैसा आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला एखादा मोठा सेंट शेजारी शेजारी ठेवता आले, तर त्या काळच्या जागतिक व्यापाराचा एक धडाच समोर उभा राहील.

मात्र सुरुवातीला इतक्या जुन्या सालाच्या मागे लागू नये. मोठ्या सेंटमधला आवाक्यातला प्रकार म्हणजे १८३९ ते १८५७ मधला, वेणी घातलेल्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा. १८४० आणि १८५० च्या दशकांतले सर्वसाधारण सालांचे, तारीख स्वच्छ वाचता येणारे सेंट वीस ते चाळीस डॉलरच्या आसपास मिळतात. न्यूयॉर्कमध्ये १८३३ साली बेंजामिन डे यांनी ‘सन’ हे एक सेंटचं दैनिक काढलं आणि वर्तमानपत्र कामगाराच्या हातात पोचलं. ते घेण्यासाठी मोजला जाई तो हाच जाडा तांब्याचा सेंट.

पिसांचा मुकुट

तांबं महागलं आणि मोठा सेंट टांकसाळीला परवडेनासा झाला. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने मोठा सेंट आणि अर्धा सेंट दोन्ही बंद झाले. स्पॅनिश नाण्यांची अमेरिकेतली कायदेशीर मान्यताही त्याच कायद्याने संपली. नवा सेंट १९ मिलिमीटरचा, ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के निकेलचा होता. त्यावर आधी उडता गरुड आला. त्याचा ठसा नीट उमटेना, म्हणून १८५९ पासून मुख्य कोरणीकार जेम्स बार्टन लाँगेकर यांनी पिसांचा मुकुट घातलेली मुखाकृती आणली. तोच ‘इंडियन हेड’ सेंट. तो १९०९ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं चालला.

या चेहऱ्याबद्दल एक गोड कथा पसरलेली आहे. लाँगेकरांच्या छोट्या सारा नावाच्या मुलीने टांकसाळीत आलेल्या एका आदिवासी सरदाराचा मुकुट गमतीने डोक्यावर घातला आणि वडिलांनी तिचं चित्र काढलं, अशी ती कथा. अभ्यासकांनी ती केव्हाच बाजूला सारली आहे. लाँगेकरांच्या शिल्पकल्पनेचा उगम फिलाडेल्फियात पाहायला मिळालेल्या व्हीनसच्या प्राचीन धाटणीच्या पुतळ्यात होता. चेहरा युरोपीय देवतेचा आणि डोक्यावर मूळ रहिवाशांच्या पुरुषांचा मुकुट, असा हा संयोग आहे. ज्या दशकांत मूळ जमातींना त्यांच्या जमिनींवरून हुसकावलं जात होतं, त्याच दशकांत त्यांचा मुकुट देशाच्या स्वातंत्र्यदेवतेला घालून घरोघरी पोचवला जात होता. नाणं हातात घेताना ही विसंगती आठवावी. इतिहास समजून घेण्यासाठीच तर आपण ते विकत घेत असतो.

यादवी युद्धाने या सेंटचा धातू बदलला. १८६२ मध्ये लोकांनी सोनं-चांदी दडवलंच, पाठोपाठ निकेलमिश्रित सेंटही दडवले. सुटे पैसे मिळेनात. दुकानदारांनी स्वतःचे तांब्याचे बिल्ले पाडून चालवले. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरविक्रेत्याचे असे बिल्ले लाखोंनी फिरत होते. पातळ तांब्याचा बिल्ला लोक बिनतक्रार घेतात, हे सरकारला त्यातून कळलं. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने सेंट ब्राँझचा झाला. त्यात ९५ टक्के तांबं, उरलेलं कथील आणि जस्त, वजन ३.११ ग्रॅम. पेनसिल्व्हेनियातल्या निकेलच्या खाणीत पैसा गुंतवलेल्या जोसेफ व्हार्टन यांना हा बदल मुळीच रुचला नाही. निकेलची नाणी यावीत यासाठी त्यांनी जोर लावला आणि १८६५ मध्ये निकेलमिश्रित तीन सेंटचं व १८६६ मध्ये पाच सेंटचं नाणं आलं. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रसिद्ध व्हार्टन स्कूलला पुढे यांचंच नाव लागलं.

साल निवडावं ते कशावरून?

इंडियन हेड सेंट पन्नास वर्षांत १८० कोटींहून अधिक पडले. एकट्या १९०७ साली १० कोटींवर. म्हणून बहुतेक सालं स्वस्त आहेत. याउलट १८७७ चे सेंट फक्त ८,५२,५०० आणि १९०९ चे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे ३,०९,००० पडले. झिजलेल्या अवस्थेतही त्यांना शेकडो डॉलर मोजावे लागतात. नाण्याच्या किमतीचा त्याच्या वयाशी फारसा संबंध नसतो. किती तगली आणि किती जणांना हवीत, यावर ती ठरते. १९३० च्या दशकातल्या मंदीत विस्कॉन्सिनमध्ये पुठ्ठ्याचे नाणेफलक निघाले. प्रत्येक सालासाठी एक भोक. मुलं आणि मोठी माणसं खिशातले सेंट चाळून ती भोकं भरू लागली. अख्खा फलक भरायचा तर १८७७ लागणारच आणि तो मिळत नाही. त्या रिकाम्या भोकांनी भाव चढवले.

आपल्याला फलक भरायचा नाही. साल निवडायला आपल्याकडे याहून चांगलं कारण आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कारपेंटर कुटुंबाच्या घरी राहिल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. त्या काळात अमेरिकेतला प्रत्येक सेंट एकाच ठिकाणी पडत होता, आणि ते ठिकाण म्हणजे त्याच शहरातल्या चेस्टनट रस्त्यावरची टांकसाळ. इतर टांकसाळींत सेंट पडायला १९०८ साल उजाडावं लागलं. आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या त्याच वर्षी ऑक्टोबरात देशांतर्गत पत्राचा दर तीन सेंटवरून दोनवर आला. पोस्टकार्ड एका सेंटला मिळे. परक्या देशात जपून खर्च करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातून हे सेंट गेले असणारच.

म्हणून १८८३ ते १८८६ या चार सालांचे चार सेंट, हा मराठी संग्राहकासाठी मला सुचणारा पहिला संच आहे. १८८३ चे सेंट साडेचार कोटींवर पडले, १८८४ चे दोन कोटी बत्तीस लाखांच्या आसपास. दोन्ही सहज मिळतात. १८८५ चे एक कोटी अठरा लाखांच्या जवळपास आणि १८८६ चे एक कोटी शहात्तर लाखांवर. यांना थोडे अधिक पैसे पडतात, तरी ते आवाक्यात राहतात. १८८६ मध्ये एक खास गंमत आहे. त्या साली मुखाकृतीचा साचा बदलला. आधीच्या प्रकारात मुकुटाचं शेवटचं, खालचं पीस ‘अमेरिका’ या शब्दातल्या ‘आय’ आणि ‘सी’ यांच्या मध्ये रोखलेलं दिसतं. नंतरच्या प्रकारात ते ‘सी’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये येतं. आनंदीबाईंच्या पदवीच्या वर्षाचे असे दोन प्रकार साध्या भिंगाखाली ओळखता येतात.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी १८८७ आणि १८८८ हीही सालं जोडावीत. पंडिता रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावच्या मंडळांतल्या सभासदांनी दहा वर्षं दरसाल किमान एक डॉलर देण्याचं वचन दिलं. अशा छोट्या छोट्या वर्गण्यांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. अमेरिकेतल्या सामान्य स्त्रियांच्या बटव्यातला पैसा आपल्या सामाजिक इतिहासात असा थेट येऊन मिळाला आहे. त्या काळचं नाणं आपल्या संग्रहात हवंच.

पारख

इंडियन हेडची अवस्था ओळखायची खूण नाण्यावरच कोरलेली आहे. मुकुटाच्या पट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द आहे. तो पूर्ण पुसलेला, पण तारीख आणि कडेची अक्षरं शाबूत असतील तर नाणं ‘गुड’ समजतात. निदान तीन अक्षरांइतका भाग दिसला तर ‘व्हेरी गुड’. सातही अक्षरं वाचता आली तर ‘फाइन’. त्यापुढे रिबिनीवरचे चार छोटे हिरे स्पष्ट दिसू लागले की नाणं वरच्या वर्गात जातं. नवख्याने ‘फाइन’ पाहावा. सर्वसाधारण सालात त्याला पाच-दहा डॉलर पुरतात आणि चेहरा, मुकुट, ओकच्या पानांची माळ सगळं नीट पाहता येतं.

नाण्यांना एक ते सत्तर गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मोठ्या सेंटसाठीच मांडली. पुढे ती सर्व अमेरिकन नाण्यांना लागू झाली. याच शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी लांबवून त्या जागी हलकी ठेवल्याचं नंतर उघड झालं. विद्वत्ता आणि सचोटी नेहमी एकत्र नांदत नाहीत. म्हणून विक्रेत्याच्या मोठ्या नावावर विसंबू नये, आपले डोळे तयार करावेत. १९४६ पासून निघत असलेलं ‘रेड बुक’, म्हणजे आर. एस. योमन यांचं अमेरिकन नाण्यांचं मार्गदर्शक, नाण्याआधी घ्यावं. जुनी आवृत्तीही चालते. भाव बदलतात, पण सालं, आकडे आणि खुणा त्याच राहतात.

पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नाणी तपासून प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात. महाग नाण्याला हा भरवसा हवाच. पाच डॉलरच्या सेंटला मात्र तपासणीचा खर्च नाण्याहून जास्त पडतो. स्वस्त सालांची नक्कल करण्यात नकली नाणी बनवणाऱ्यांना फायदाही थोडाच. त्यांचा डोळा असतो १८७७ वर आणि १९०८-०९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर. तिथे मागच्या बाजूला माळेखाली ‘एस’ हे अक्षर चिकटवून साध्या सेंटचा दुर्मिळ सेंट केला जातो. चलनासाठी पाडलेल्या अस्सल १८७७ मध्ये मागच्या ‘वन’ शब्दातल्या ‘एन’ची तिरपी रेघ उथळ असते. ती ठसठशीत दिसली तर सावध व्हावं. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकलेवर ‘कॉपी’ असा शब्द ठोकणं सक्तीचं आहे, पण बाहेरून येणाऱ्या मालावर तो असेलच असं नाही.

घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. छोट्या डिजिटल काट्यावर ब्राँझचा सेंट ३.११ ग्रॅमच्या आसपास यावा. झिजेमुळे थोडा कमी आला तरी चालेल. लोहचुंबकाला तो चिकटता कामा नये. नाणं वरून खाली उलटलं की मागची बाजू सरळ दिसायला हवी, कारण अमेरिकन नाण्यांची रचना तशी असते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रंग. जुन्या तांब्याला हवेने, हातांच्या स्पर्शाने एकसारखा तपकिरी, चॉकलेटी मुलामा येतो. तो हवा. देवघरातला तांब्या चिंचेने लख्ख घासायची आपल्या घरांतली सवय इथे घातक ठरते. घासलेला सेंट गुलाबी-केशरी, निर्जीव चमकीचा दिसतो आणि त्याची संग्राह्य किंमत जवळपास संपते. अनेक स्वस्त सौदे असे घासलेल्या नाण्यांचेच असतात. हिरवा, खरखरीत जंग असलेलं नाणंही टाळावं, तो आत आत खात जातो. साधारण झिजेला मात्र घाबरू नये. झीज म्हणजे ते नाणं खरोखर वापरलं गेल्याची खूण.

घेणं आणि सांभाळणं

आपल्याकडे अमेरिकन सेंट दोन वाटांनी येतात. एक, पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी किंवा नाण्यांच्या प्रदर्शनांत परदेशी नाण्यांच्या ढिगात. तिथे बहुतेक लिंकनचे सेंट असतात, पण संयमाने चाळलं तर एखादा इंडियन हेड हाती लागतो. दुसरी वाट म्हणजे अमेरिकेतले आपले नातेवाईक. तिथल्या गावोगावच्या नाण्यांच्या दुकानांत काउंटरवर जुन्या सेंटांची पेटी असते, तिच्यातून हवी ती सालं निवडून घेता येतात. भाची-पुतण्याला आयफोन आणायला सांगण्यापेक्षा चार सेंट आणायला सांगावं. त्या निमित्ताने तोही आनंदीबाईंचं फिलाडेल्फिया पाहून येईल.

एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा इथे आलेलं नाणं पुन्हा परदेशी विकण्याचा बेत मनात ठेवून ही खरेदी करू नये.

सांभाळताना मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नयेत. त्यांतून निघणारा अंश नाण्यावर हिरवट चिकट थर चढवतो. पुठ्ठ्याचे मायलर खिडकीवाले होल्डर स्वस्त आणि सुरक्षित आहेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात बदलाव्यात. नाणं नेहमी कडेने धरावं.

सेंट बंद झाल्यावर

इंडियन हेडच्या जागी २ ऑगस्ट १९०९ रोजी लिंकनचा सेंट आला. लिथुआनियातून आलेल्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या स्थलांतरिताने तो घडवला. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा झाला आणि १९८२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. अखेर १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीचे शेवटचे सेंट पडले. १७९३ पासून चाललेली परंपरा थांबली. आहेत ते सेंट मात्र कायदेशीर चलन म्हणून राहतील.

अशा बातमीनंतर ‘आता भाव गगनाला भिडणार’ असं सांगणारे हमखास उगवतात. आपल्याकडेही जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतील अशी आमिषं दाखवून लोकांना फसवलं जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. अब्जावधींनी पडलेलं नाणं कुणाला श्रीमंत करत नाही. इंडियन हेड सेंट गुंतवणूक म्हणून घ्यायचा नाही. तो घ्यायचा कारण दुर्मिळ नाणी तिजोऱ्यांत राहिली आणि हा सेंट लोकांत राहिला: वर्तमानपत्रवाल्या पोराच्या, टपाल कचेरीतल्या कारकुनाच्या, गिरणीतल्या बाईच्या हातात. बड्यांचा इतिहास पुस्तकांत भरपूर सापडतो. सामान्यांच्या रोजच्या देवाणघेवाणीचा पुरावा इतक्या कमी पैशांत क्वचितच हाती येतो. तेव्हा ‘फाइन’ अवस्थेतला, न घासलेला, तपकिरी १८८३ चा सेंट पाहून ठेवा, त्याच्या सालाबद्दल जे मिळेल ते वाचा आणि घरातल्या मुलांना तो हाताळू द्या. संग्रह वाढतो तो वाचनाने, आणि त्याची सुरुवात एका सेंटपासून करता येते.